बाहेरूनच बोलणारा ओनिबे

तोकुसानबद्दल सांगायचं तर टोफूपासून सुरुवात करावी लागेल.

तोक्योत आमच्या आसागायाच्या बाजारगल्लीत माझ्या सोबाच्या, म्हणजे रश्शातल्या शेवयांच्या, दुकानापासून चार घरं पलीकडे टोफूचं दुकान आहे. एके दिवशी तोकुसान तिथे गेला आणि बाहेर खेळणाऱ्या दुकानदारणीच्या नातवाला इतकंच म्हणाला, "बाळ, आजी कुठे आहे?" पोरगं जे किंचाळत आत पळालं, ते न्हाणीघरात जाऊन लपलं. आजी पळी परजत बाहेर आली, तर समोर तोकुसान बिचारा टोपी हातात घेऊन कमरेत वाकलेला. त्या आठवड्यात त्याने टीव्हीवर एक अख्खं गाव जाळलं होतं, आणि पोराने ते पाहिलं होतं.

पूर्ण नाव मिनोवा तोकुजिरो. धंदा आवाज देण्याचा. ॲनिमे मालिकांतली माणसं कागदावर कितीही देखणी काढा, त्यांच्या गळ्यात कुणीतरी जीव घालावा लागतो. ते काम तो करायचा, आणि तेही फक्त दुष्टांचं. सरदार, भुतं, विषारी वैद्य, एकदा तर नुसतं एक दुष्ट झाड. त्याच्या छातीतून असा काही आवाज निघायचा की साधं बोलला तरी धमकी वाटावी. गॅस गळतोय म्हणून कंपनीला फोन केला, तर पलीकडची मुलगी म्हणाली, "साहेब, आधी शांत व्हा, तुम्हाला नक्की काय हवंय?" हा किस्सा तो स्वतःच सांगायचा आणि स्वतःच हसायचा. त्या हसण्याने माझं दुसरं गिऱ्हाईक दचकायचं.

गल्लीच्या टोकाला रेकॉर्डिंगचा स्टुडिओ आहे, म्हणून माझी निम्मी गिऱ्हाइकं याच धंद्यातली. या लोकांचा सगळ्यांत मोठा वैरी म्हणजे रिकामं पोट. माइक इतक्या तिखट कानाचा असतो की अंगातला कपडा सळसळला तरी ऐकतो. म्हणून ही मंडळी मऊ सुती घालतात, संहितेचं पान असं उलटतात की जणू झोपलेल्या बाळावरचं पांघरूण सारखं करतायत. आणि पोट गुरगुरलं की संपलं, सगळ्यांनी सगळं पुन्हा बोलायचं. नवशिकी पोरं तर या भीतीने खिशात भाताचे गोळे घेऊन हिंडतात. तोकुसान दर गुरुवारी सकाळी स्टुडिओत जायच्या आधी माझ्याकडे येऊन गरम सोबा खाऊन जायचा. इतक्या वर्षांत त्याचं पोट माइकसमोर कधी वाजलं नव्हतं. त्याचा त्याला अभिमान होता.

त्याच्या शेजारच्या स्टुलावर इसोगाइ फुमिएसान बसायच्या. पन्नाशी उलटलेल्या, गुडघे धरलेले, आणि आवाज सात वर्षांच्या पोरीचा. 'कंदिलांचं खोरं' नावाच्या मालिकेत त्या सुगिना नावाच्या लहान मुलीचा आवाज द्यायच्या, आणि तोकुसान द्यायचा ओनिबेचा. ओनिबे म्हणजे तोच, गाव जाळणारा. त्या गावात सुगिनाचं घर होतं, घरात तिचे आईबाप होते. म्हणजे वैर किती जुनं ते बघा. आणि इथे दोघं एका फळीशी बसून सोबा ओढतायत.

"राक्षसा," फुमिएसान म्हणायच्या, "माझं घर जाळलंस ते जाळलंस, वर माझ्याच ताटलीतली मुळ्याची फोड उचलतोस?"

"घरापेक्षा मुळा जास्त लागला वाटतं."

"घर कागदाचं होतं. मुळा मालकांनी स्वतः मुरवलाय."

मालक म्हणजे मी.

खलनायक सुधारायला लागला की त्याचं काय काय होतं, हे मला याच लोकांनी खाता खाता शिकवलं. आधी त्याचे डोळे जरा मोठे काढतात. मग कपड्यांचा काळा रंग फिका होतो. मग एका भागात त्याचं लहानपण दाखवतात, बर्फात मेलेली आई वगैरे, म्हणजे लोकांचा राग विरघळतो. काल एकटा शंभरांना लोळवणारा हा गडी चांगल्यांच्या बाजूला आला की अचानक कुणाकडूनही मार खायला लागतो, हे मला कधी समजलं नाही. आणि शेवटी कुणाला तरी वाचवताना मरतो. मेला की सगळे त्याला माफ करतात.

मालिकेची दिग्दर्शिका नेगिशी नावाची चाळिशीच्या आतली बाई होती, कमी बोलणारी. एका गुरुवारी तीही जेवायला आली, आणि बोलता बोलता म्हणाली की पुढच्या हंगामात ओनिबे पुरात सुगिनाला वाचवून मरणार. तोकुसानने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. या माणसाने कधी कुणा दिग्दर्शकाला शब्दाने काही मागितलं नव्हतं.

"नेगिशीसान, त्याला मारू नका."

"मग काय करू त्याचं?"

"जगू द्या."

नेगिशीने वाटीतलं उरलेलं सोबाचं गरम पाणी पिऊन टाकलं. "मिनोवासान, तो मेला तर लोक रडतील आणि मोकळे होतील. जिवंत ठेवला तर दर आठवड्याला मला ठरवायला लागेल, तो जेवायला कुणाशेजारी बसणार."

"कुणाशेजारीच नको. बाहेर बसवा."

"तुम्हाला वाक्यं उरणार नाहीत."

"गर्दीत कुजबुज करीन."

"आणि माझ्या घराचं काय?" फुमिएसान म्हणाल्या. पण त्यांनीही तोकुसानकडे जरा नीट बघितलं. मीही बघितलं.

नेगिशीने ऐकलं. आणि ऐकलं ते असं की तसं मी कुठल्या मालिकेत पाहिलं नव्हतं. ओनिबेचे डोळे होते तेवढेच ठेवले. लहानपण दाखवलं नाही, आई मारली नाही. तो जळलेल्या गावाच्या कडेला येऊन राहिला आणि स्वतःच तोडलेला पूल स्वतःच बांधायला लागला. पूल झाला तरी गावची माणसं त्यावरून जाईनात. गुडघाभर पाण्यातून जायची, पण त्याच्या पुलावरून नाही. असे कितीतरी आठवडे गेले. मग एक दिवस सुगिनाची बकरी त्यावरून पलीकडे गेली. बकरीला मागचं काही ठाऊक नव्हतं. सुगिना पाण्यात उभी राहून नुसती बघत राहिली. मी दुकानात टीव्हीसमोर उकळता हंडा विसरून उभा होतो.

तोकुसानला खरंच वाक्यं उरली नाहीत. तो नव्या पोरापोरींबरोबर उभा राहून बाजाराचा गलका करायचा. मुळा केवढ्याला, पाऊस येईल का, असलं काहीतरी. रेकॉर्डिंगवाला आतून म्हणायचा, "मिनोवासान, मुळा विकत घेताय की मुळ्याला धमकी देताय?" तो वाकून म्हणायचा, "पुन्हा घेऊ."

एका दुपारी दुकान रिकामं असताना मी विचारलं, ओनिबेचा एवढा जीव का रे तुला. तेव्हा त्याने किसोचं सांगितलं.

किसोच्या खोऱ्यात त्याच्या बापाचा लाकडी घंगाळं आणि भाताच्या पाट्या करायचा कारखाना होता. तोकुसान थोरला, म्हणजे गादी त्याची. धाकट्या एइसाकूला शिक्षक व्हायचं होतं. मात्सुमोतोला शिकायला जागाही मिळाली होती. त्याच वसंतात थोरला नाटकात काम करायचं म्हणून तोक्योला पळाला. मग बापाच्या हाताखाली कोण? धाकट्याने पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली आणि रंधा हातात घेतला. पुढे बाप गेला, त्या दिवशी तोकुसान माइकसमोर होता, एक सरदार मरत होता त्याचा, तो मरून झाल्यावरच त्याने निरोप ऐकून घेतला. सातव्या दिवशी घरी पोचला तेव्हा एइसाकू ओट्यावर उभा होता. म्हणाला, "दादा, तिथे मरायला वेळ होता तुला. आता या उंबऱ्याच्या आत येऊ नकोस."

"मग तू गेला नाहीस?"

"एकदा गेलो. दोन वर्षांमागे, पावसाळ्यात. मिठाईचा डबा घेऊन. आतून रंध्याचा आवाज येत होता, म्हणजे तो घरातच होता. मी हाक मारली."

"मोठ्याने?"

"हळू मारली. माझा आवाज कसा आहे, माहीत आहे ना. वाटलं, ओरडलो तर भांडायला आलोय असं वाटेल. मग सरकतं दार ओढलं. हललं नाही. आतून कडी घातलेली होती, मालक. मला बघून घातली असणार. डबा पायरीवर ठेवला आणि परत आलो."

ज्या आवाजाने देशातली निम्मी पोरं अंथरुणात तोंड लपवायची, तो माणूस भावाच्या दारात कुजबुजून परत आला होता.

फोन का करत नाहीस, असं मी विचारलं. केला होता, म्हणाला, भावजयीने घेतला. ते कामात आहेत म्हणाली. पण एका मावसभावाकडून त्याला कळलं होतं की एइसाकूची नात 'कंदिलांचं खोरं' बघते, आणि आजोबा तिच्याजवळ बसलेले असतात. बस्स, तेवढ्यावर तो जगत होता. ओनिबे माफी मागेल तो भाग येणार होता. नेगिशीने तसं सांगितलं होतं. एइसाकू तो ऐकेल, मग आपण जायचं, असा त्याचा हिशेब.

शरदात त्या भागाची संहिता हातात आली. त्यातली वाक्यं त्याने माझ्या दुकानात इतक्यांदा म्हटली की ती मलाही पाठ झाली. ओनिबे सुगिनाच्या दारात येतो आणि म्हणतो, "दार उघडू नकोस. मी बाहेरूनच बोलतो. तुझं घर मी जाळलं. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून नाही, मीच." मग गप्प. आतून सुगिना काही बोलत नाही. तो उभा राहतो आणि निघून जातो. तेवढंच.

तोकुसान ते वाक्य कधी खाली घ्यायचा, कधी मध्ये थांबायचा, कधी 'मीच' नुसतं श्वासावर सोडायचा. टोफूवाल्या आजी एकदा ऐकून गेल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, "पळी घेऊन धावले तुमच्या अंगावर, माझंच चुकलं."

त्याच आठवड्यात मावसभावाचा फोन आला: एइसाकूला इस्पितळातून घरी आणलंय. घरी का आणलंय, हे वेगळं सांगायची गरज नव्हती.

"उठ आणि जा," मी म्हणालो.

"गुरुवारी रेकॉर्डिंग आहे. ते झालं की तसाच स्टेशनवर जातो."

"अरे, आज सोमवार आहे."

"मालक, तिथे जाऊन मी काय बोलू? माझं मी बोलायला गेलो की घसरतं. एकदा माइकसमोर नीट जमलं की तिथेही जमेल. तीच वाक्यं म्हणीन."

आता यावर तुम्ही हसाल. पण आयुष्यभर ज्याने दुसऱ्यांनी लिहिलेलं बोलून पोट भरलं, चुकलं तर पुन्हा घेऊ म्हणत, त्याला भावाशी बोलायलाही आधी एक पक्की घेतलेली तालीम हवी होती. मी आणखी दोनदा म्हणालो. ऐकेना.

गुरुवारी सकाळी मी त्याची वाटी मांडून ठेवली. तो आला नाही. काचेतून मला तो गल्लीतून जाताना दिसला, टोपी नव्हती, माझ्या दुकानाकडे न बघता सरळ गेला. मला वाटलं, वाक्यं तोंडात आहेत, बोलायला नको म्हणून गेला असेल.

पुढचं फुमिएसानने सांगितलं. दुपारी त्या आल्या, सोबा मागवला आणि तसाच निववला.

तोकुसानने कुणालाही काही सांगितलं नव्हतं. माइकसमोर उभा राहिला आणि म्हणाला. फुमिएसान म्हणाल्या, मालक, असं मी कधी ऐकलं नाही, सगळा राक्षस गळून गेला होता त्यातून. 'मीच' म्हणून झालं. मग ती संहितेतली शांतता आली, काचेपलीकडे सगळे श्वास धरून. आणि त्या शांततेत त्याचं पोट वाजलं. थोडंथोडकं नाही, चांगलं लांबलचक. बाजूच्या नव्या पोराचा चेहरा पांढरा पडला. कुणी हसलं नाही. नेगिशीने थांबा म्हणायला हवं होतं, ती म्हणाली नाही. आणि फुमिएसानचं त्या जागी एकही वाक्य नसताना त्यांच्या तोंडून सुगिनाच्या आवाजात निघून गेलं, "जेवला नाहीस?"

तोकुसान म्हणाला, "नाही."

"कुठल्या आवाजात म्हणाला, मालक," फुमिएसान म्हणाल्या, "ओनिबेचा नव्हता. मिनोवासानचाही नव्हता. कुणीतरी डोंगरातला पोरगा बोलला."

मग तो माइकपासून मागे सरला, सगळ्यांपुढे कमरेत वाकला आणि म्हणाला, "माझ्या पोटामुळे आवाज आला, मोठी चूक झाली, माफ करा, पुन्हा घेऊ." नेगिशी काचेआडून म्हणाली, "पुन्हा घ्यायचं नाही. हेच राहील." तेव्हा तो म्हणाला की मग मी निघू का, पहाटे भाऊ वारला.

बघा, पोट वाजल्याची माफी त्याने एका श्वासात मागितली. शिकवावी लागली नाही, पाठ करावी लागली नाही.

किसोचं मला त्याने स्वतः सांगितलं, बऱ्याच दिवसांनी, आणि एकदाच. घरासमोर पोचला तेव्हा थंडी म्हणून दार लावलेलं होतं. आत माणसांचा आवाज, उदबत्तीचा वास. त्याने दार ओढलं. हललं नाही. पुन्हा ओढलं. नाही. त्याला वाटलं, आजसुद्धा. हात काढून घेतला आणि वळणार, तेवढ्यात आतून भावजयीचा, तोशिएसानचा, आवाज आला. कुणी पोस्टमन आला तर म्हणावं तसा, साधा.

"उचलून ढकला."

तो तिथेच उभा राहिला. आतून पुन्हा, "अडकतं ते, उचलून ढकला."

त्याने दार जरा वर उचललं आणि सारलं. खोबणीतून ते सुरकन सरकलं.

तोशिएसान समोर आल्या. "भावजी. तुम्हीही विसरलात होय? मामंजींच्या वेळेपासून अडकतंय. पावसाळ्यात तर फुगून बसतंच, आता बाराही महिने. लोकांची लाकडं रंधतील जन्मभर, घरचं दार रंधायला यांना वेळ झाला नाही."

तोकुसानने विचारलं, कडी?

"कसली कडी? या दाराला कडी आहे कुठे?"

लहानपणी याच दाराला खांदा लावून दोघे भाऊ शाळेत पळायचे. थोरला उचलायचा, धाकटा ढकलायचा. हातांनी ते विसरून टाकलं होतं.

एइसाकूच्या तोंडावर पांढरं फडकं होतं. तोकुसानने उदबत्ती लावली. ती सगळी वाक्यं, 'मी बाहेरूनच बोलतो'पासून 'मीच'पर्यंत, त्याच्याजवळ होती. त्यातलं एकही तोंडाशी आलं नाही. त्याने नुसतं "एइसाकू" म्हटलं, आणि तेही हळू.

मिठाईच्या डब्याचं त्याने विचारलं. तोशिएसान म्हणाल्या, सापडला होता. हे म्हणाले, दादा आला आणि हाक न मारता गेला. मग त्यातला एक तुकडा खाल्ला, गोड फार आहे म्हणाले, आणि बाकीचा संपवला.

"मालिका बघायचा?"

"बघायचे. आधी तुमचा आवाज आला की उठून कामाला जायचे. मग बसायला लागले. त्या पुलाच्या वेळी म्हणाले, दुसऱ्याने लिहून दिलं की दादा किती छान बोलतो." तोशिएसान जरा हसल्या. "टोमणा होता, भावजी. पण राग नव्हता हो. वाट बघत होते, तुम्ही येऊन भांडाल म्हणून."

तो भाग बर्फ पडून गेल्यावर लागला. पोटाचा आवाज होता तसाच ठेवला होता, आणि सुगिनाचा प्रश्न, आणि ते 'नाही'. नेगिशीने त्यापुढे चित्र बदलून घेतलं: दार उघडत नाही, पण दाराखालच्या फटीतून आत हलणारी सावली दिसते, चुलीकडे जाते. काही लोकांनी लिहून कळवलं की ओनिबेला इतक्या स्वस्तात सोडायला नको होतं. काहींनी लिहिलं, रडलो. एका हुशार समीक्षकाने लिहिलं की पोटाच्या आवाजाची कल्पना दिग्दर्शिकेला फार खोलवर सुचली आहे. फुमिएसानने ते दुकानात मोठ्याने वाचलं आणि कागद घडी करून ठेवला. तोकुसान मुळा खात राहिला.

गल्लीतल्या पोरांना मात्र तो आता आवडतो. पूर्वी जी पळायची, ती लांबून ओरडतात, "ओनिबे, जेवलास का?" त्यालाही उत्तर द्यावं लागतं. "जेवलो रे, जेवलो," म्हणतो, त्याच आवाजात, आणि पोरं खूश होऊन पांगतात. सगळी गल्ली विचारते त्याला. ज्याने विचारावं म्हणून एवढं सगळं केलं, तो तेवढा राहिला.

महिन्यातून एकदा तो किसोला जातो. तोशिएसानला म्हणाला, दाराला मी रंधा मारतो. त्या म्हणाल्या, राहू द्या, यांच्या हातचं नाही ते, पण यांच्या सवयीचं आहे. म्हणून ते तसंच आहे. तो जातो, उचलतो, ढकलतो.

त्याचा परिणाम माझ्या दुकानावर झालाय. माझं दार नवीन आहे, बोटाने सरकतं. पण तोकुसान दर गुरुवारी सकाळी येतो, दोन्ही हातांनी ते आधी वर उचलतो आणि मग ढकलतो, आणि दार खोबणीतून निघून त्याच्या हातात येतं. पहिल्या काही वेळा मी म्हणालो, "अरे, हे तसलं दार नाही." तो वाकून माफी मागायचा, आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच.

आता मी काही म्हणत नाही. त्याची वाटी मांडतो, हात पुसतो, आणि आम्ही दोघं मिळून दार परत बसवतो. एका बाजूने तो उचलतो, दुसऱ्या बाजूने मी ढकलतो.